पेंटर काकाजी, तुमच्यासाठी

नमस्कार काकाजी,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे, पण तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणून इथे लिहून राहिले. विकायच्या आधी आमचं घर तुम्ही रंगवून दिलं, त्यासाठी फोनवर थँक्यू म्हटलं होतं मी, पण तेव्हा रजिस्ट्रीची धावपळ सुरू होती, घाईघाईत दोन शब्द बोलले न फोन ठेवला, ते काही मनाला लागून राहिलं. शिवाय कोणी घर विकायला काढलं असेल तर त्याच्याही कामी येईल.

नागपूरला मानेवाड्याकडचं आमचं घर दिवाळीनंतर विकायला काढलं होतं. आई गेल्यापासून ते बंदच होतं. कागदपत्रं सगळी क्लिअर, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, मिळालेलं, रोड मोठा, विहिरीला पाणी, तरी तीन महिने नुसते लोक येऊन राहिले होते, हॉलमध्ये उभे राहायचे, इकडे तिकडे बघायचे, "घरी विचारून सांगतो" म्हणायचे न गेले की गेलेच. ब्रोकर म्हणे भाव उतरवा. पुण्याहून भाऊ पण म्हणे उतरव बाप्पा, किती दिवस कुलूप लावून ठेवशील. मला पटत नव्हतं पण कारणही सापडत नव्हतं.

कारण भिंतींवरच होतं. हॉलची एक भिंत गर्द नारंगी, बाकीच्या पोपटी, मागची बेडरूम जांभळी, किचनला गुलाबी ऑइलपेंट, देवघराचा कोपरा हळदीसारखा पिवळा. प्रत्येक रंग घरातल्या कोणाच्या तरी आवडीचा, जांभळा तर माझाच, अकरावीत असताना हट्ट करून लावून घेतलेला. इतकी वर्षं त्या भिंतींमध्ये राहिल्यावर मला ते रंग दिसेनासेच झाले होते, आणि येणाऱ्या माणसाला मात्र दारातून पाय टाकल्या टाकल्या तेच दिसायचे, खोली केवढी आहे, उजेड कुठून येतो हे दिसायच्या आधी.

तुमच्या आधी एक ठेकेदार येऊन गेला होता. पाच दिवसांत सगळं पांढरंशुभ्र, चकाकणारं करून देतो, आहे त्याच्यावरूनच दोन हात मारू म्हणाला. मी ॲडव्हान्स द्यायलाच निघाले होते, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, थांब, आमच्या काकाजींना एकदा दाखव.

तुम्ही आलात आणि शेडकार्ड काढलंच नाही. चपला बाहेर काढल्या, हॉलच्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि तो माझ्यासमोर धरला. पांढरी भुकटी लागली होती, पिठाच्या डब्यात हात घातल्यासारखी. "हा जुना डिस्टेंपर सुटून राहिला ताई, याच्यावर कितीबी महाग रंग लावा, यालेच धरून खाली येते." मग कूलरच्या खिडकीखाली बोटाच्या पेरानं टकटक वाजवलं, तिथे पोकळ आवाज आला. वीस उन्हाळे तिथे कूलर होता, त्याचे शिंतोडे, गळका पंप, आतून प्लास्टर फुगलं होतं. मागच्या बेडरूममध्ये गच्चीच्या पाइपची ओल होती, खार फुटून पांढऱ्या मिशा आल्या होत्या भिंतीला. तुम्ही म्हणालात, "हिचं दुखणं पाहा पयले. वरून रंग फासला तर घेणाऱ्याच्या घरात जूनच्या पयल्या पाण्यात पोपडे पडतीन न तो तुमाले शिव्या देईन." पाइप दुरुस्त होऊन प्लास्टर सुकेपर्यंत पंधरा दिवस तुम्ही त्या खोलीला हातच लावला नाही. मला तेव्हा घाई होती, मी थोडं वाकडं बोलले पण असेन, माफ करा.

आणि मग ते रंग निवडणं. मला वाटायचं विकायच्या घराला पांढरा लावला की संपलं. तुम्ही म्हणालात, एकदम शुभ्र पांढरा ट्यूबलाइटमध्ये दवाखान्यासारखा दिसते, न बोटाचा डागही लपत नाही. तुम्ही प्लायचे चार तुकडे आणले, दोन बाय दोनचे, आधी प्रायमर मारून त्यावर चार शेड लावून आणले, नारंगी भिंतीवर थेट पट्टा मारून बघायला नाही म्हणालात कारण आजूबाजूच्या नारंगीमुळे कोणताही रंग खोटाच दिसतो. ते तुकडे तुम्ही मला सकाळी सात वाजता, दुपारी दोन वाजता आणि रात्री लाइट लावून, असे तीन वेळा, खोलीखोलीत फिरवून बघायला लावले.

काकाजी, मी पन्नाशीला आले पण हे मला कोणी दाखवलं नव्हतं. जो हलका राखाडी मला दुकानात फार आवडला होता तो उत्तरेकडच्या बेडरूममध्ये निळसर, थंडगार झाला, कारण तिथे ऊन थेट येतच नाही. तोच तुकडा पश्चिमेच्या हॉलमध्ये दुपारी ठीक वाटला. बाहेरच्या कडुनिंबाच्या सावलीमुळे खिडकीजवळ क्रीम रंगाला हिरवट झाक आली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपली खालची फरशी, लाल-पिवळ्या ठिपक्यांची मोझॅक, तुम्ही प्लायचा तुकडा त्या फरशीला टेकवून उभा केला आणि राखाडी एकदम मेल्यासारखा दिसायला लागला. "भिंत बदलता येते ताई, फरशी तेच राहणार, तर फरशीले विचारून रंग घ्या." मग तुम्ही बोट ठेवलं ते चौथ्या तुकड्यावर, म्हणालात हा पाहा, ज्वारीच्या पिठासारखा. ना पिवळा, ना राखाडी, दोन्हीच्या मधला. भाची म्हणाली मामी याला ग्रेज म्हणतात, बाहेर घर विकताना लोक हाच लावतात. तुम्ही हसून म्हणालात, म्हणत असतीन, आपल्याकडे पीठच.

बेडरूम्सना ज्वारीचं पीठ, हॉलला त्याच घरातला पण अजून उजळ, दुधावरच्या सायीसारखा, छत पांढरं. भाचीनं शेडकार्डाच्या मागचे आकडे पण वाचून दाखवले, एलआरव्ही म्हणे, ० म्हणजे काळाकुट्ट आणि १०० म्हणजे पडलेला सगळा उजेड परत देणारा, सायीचा ८० च्या वर होता. हॉल आमचा १२ बाय १६ आणि खिडकी एकच, त्याला तो उजेड हवाच होता. चकाकणारा रंग तुम्ही साफ नाकारला, जुन्या हातच्या प्लास्टरला लाटा असतात, चमक आली की प्रत्येक लाट दिसते, म्हणून मॅट, फक्त किचनला धुता येईल असा जरा गुळगुळीत. किचनचं ऑइलपेंट पॉलिश पेपरनं घासून घासून त्याची चमक मारली तेव्हा कुठे प्रायमर धरला. जांभळ्यावर पण आधी प्रायमरचा हात, नाहीतर म्हणे चार हात मारले तरी डोकावत राहते. आणि मशीनवरून आणलेले तिन्ही डबे एकाच नंबरचे असूनसुद्धा तुम्ही मोठ्या ड्रममध्ये एकत्र ओतून ढवळले, डब्याडब्यात उन्नीस-बीस असते म्हणून. खोल्यांमधले बल्बसुद्धा तुमच्याच सांगण्यावरून सारखे केले, एका खोलीत पिवळा न दुसरीत निळसर पांढरा असला की एकच रंग दोन दिसतो, आणि मोबाईलवर फोटो काढला की ते अजूनच कळतं.

पण हे पत्र मी लिहायला बसले ते देवघरासाठी.

तो कोपरा तुम्ही सगळ्यात शेवटी ठेवला होता. रोज मी म्हणायची, उद्या करू. तुम्ही एकदाही घाई केली नाही. आईच्या दिव्याची काजळी त्या पिवळ्या भिंतीवर वरपर्यंत गेली होती, खाली रुंद, वर निमुळती, दिव्याच्याच आकाराची. शेवटच्या दिवशी तुम्ही सकाळी आलात, हातपाय धुतले आणि म्हणालात, "आज इथं एकडाव दिवा लावून घ्या ताई, फोटो काढायचा असन तर काढून घ्या, मी बाहेर बसतो." मी दिवा लावला. अर्धा तास तुम्ही वट्ट्यावर बसून होता, एक आवाज दिला नाही. मग आत आलात, साबणाच्या पाण्यानं ती काजळी पुसली, हळूच, वरून खाली, भांड्याला हात लावतात तसं. तेलकट काजळी साध्या रंगातून परत वर येते म्हणून सुकल्यावर तिथे तेलाचा प्रायमर लावला आणि मग साय. मला वाटलं होतं मला बघवणार नाही. मी शेवटपर्यंत तिथेच उभी होते.

हॉलच्या छताचा बंगईचा, म्हणजे झोपाळ्याचा, कडा ठेकेदार कापून टाका म्हणाला होता. तुम्ही तो घासून काळा ऑइलपेंट मारून ठेवला, बंगई पुसून परत टांगली, "लेकरंवाले आले तर त्याहिले हेच पयले दिसन."

लेकरंवालेच आले काकाजी. रंग झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात. त्यांचा मुलगा सरळ बंगईवर जाऊन बसला आणि ती बाई हॉलच्या मध्ये उभी राहून नवऱ्याला म्हणाली, इथे आपला दिवाण बसेल. इतके महिने लोक येऊन गेले, आपला दिवाण कोणी म्हटलं नव्हतं. मी त्यांना पाइपच्या ओलीचं सगळं सांगितलं, आधीचे फोटो पण दाखवले, तुम्ही म्हणाला होता लपवू नका. त्यांनी प्लंबरचं बिल पाहिलं आणि भावात थोडंच ओढलं. अक्षय तृतीयेला व्यवहार झाला. उरलेला रंगाचा डबा, झाकणावर तुमच्या अक्षरात शेडचा नंबर लिहिलेला, त्यांनाच दिला, टचअपला लागेल म्हणून.

भाऊ पण तुम्हाला नमस्कार सांगून राहिला. तुमची ती लाकडी मुठीची खरवडायची पट्टी माझ्या सामानात आली आहे, धुऊन पुसून ठेवली आहे. बेसा भागात नवीन फ्लॅटमध्ये आहे मी, येत्या रविवारी सकाळी या, काकूंनाही आणा, तर्री-पोहे करते. बेडरूमची एक भिंत पण दाखवायची आहे तुम्हाला, सकाळी सातलाच या.

तुमची,
मानेवाड्याची ताई