शून्य बाजूला ठेवून मार्सियानो

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. ‘४९ लढती, ४९ विजय, विषय संपला’ हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलं आहेस, म्हणजे विषय संपलेला नाही हे तुलाही आतून ठाऊक आहे. बॉक्सिंगच्या हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा जगज्जेता रॉकी मार्सियानो महान होता का, एवढंच विचारत असशील तर माझं उत्तर ‘होता’ असं आहे. पण तू देतोस ते कारण मला पटत नाही. त्याच्या पराभवांच्या रकान्यातलं ते शून्य हा त्याच्या बाजूचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे.

१९५० च्या मार्चमधली रोलँड लास्टार्झाविरुद्धची लढत आठव. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दहा फेऱ्या, दोघेही तोवर अपराजित. तिघा पंचांपैकी एकाने मार्सियानोला पाच-चार असा कौल दिला, दुसऱ्याने लास्टार्झाला पाच-चार, आणि तिसऱ्याच्या कार्डावर फेऱ्या पाच-पाच! मग न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या तिसऱ्या कार्डावरचे जादा गुण मोजले गेले आणि मार्सियानो वाचला. पेन्सिल जरा इकडची तिकडे झाली असती तर तुझं शून्य तिथेच पुसलं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मात्र माणूस तोच राहिला असता, उजवा हात तोच, छातीतला दमही तोच. तरीही तू त्याला महान म्हणाला असतास ना? मग शून्याचं काय काम? आणि म्हणाला नसतास, तर तू मार्सियानोला मानतच नाहीस, एका पंचाच्या बेरजेला मानतोस.

शून्य जपता येतं, हेही विसरू नकोस. फ्लॉइड मेवेदरही अपराजितच; त्याचा पन्नासावा विजय २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगरवरचा, आणि मॅकग्रेगरची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत. उलट शुगर रे रॉबिन्सन १९४३ च्या फेब्रुवारीत जेक लामोटाकडून हरला आणि त्याच महिन्यात पुन्हा त्याच्याचसमोर उभा राहून जिंकला. या दोन नोंदींपैकी कुठली जड, ते तूच ठरव. (मेवेदर कसबी होता, वाद नाही. पण पन्नास हा आकडा त्याने जिथून उचलला, ते मला अजून रुचत नाही.)

आता माझ्या बाजूच्या लोकांचा नेहमीचा आक्षेप: त्याने म्हातारे हरवले. आकडे खरेच आहेत. १९५१ मध्ये त्याच्याशी लढताना माजी जगज्जेता जो लुईस ३७ वर्षांचा होता, निवृत्तीतून परतला होता आणि आयकराच्या थकबाकीपायी खेळत होता. आठव्या फेरीत तो दोरांबाहेर पडला, आणि नंतर मार्सियानोच रडला म्हणतात. जर्सी जो वॉलकॉट ३८ चा. आर्ची मूरचं जन्मवर्षच वादाचं, पण चाळिशीच्या आसपासचा होता हे नक्की. ऐन उमेदीतला, धिप्पाड, धोकादायक हेवीवेट त्याच्या वाट्याला आला नाही. यासाठी त्याला दोष देणं मला मात्र अन्यायाचं वाटतं. त्या वर्षांत हेवीवेटमध्ये जे होते, त्यांच्याशीच तो लढणार.

आणि म्हातारे म्हणून सोपे होते, हे म्हणणाऱ्याने २३ सप्टेंबर १९५२ ची फिलाडेल्फियातली लढत पाहिलेली नसते. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो खाली. कारकिर्दीत पहिल्यांदाच. मधल्या फेऱ्यांत त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं, समोरचं धड दिसेना, आणि वॉलकॉट त्याला अक्षरशः शिकवत होता. कोन बदलायचा, मागे सरायचा, उलट ठोसा द्यायचा. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही कार्डांवर मार्सियानो मागे. गुणांवर जिंकणं जवळजवळ अशक्य, आणि ते त्याच्या कोपऱ्यातल्या साथीदारांनाही ठाऊक होतं. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांशी गेला आणि तो आखूड उजवा ठोसा आला. जेमतेम हातभर प्रवास असेल त्याचा. वॉलकॉटचा एक हात दोरीत अडकला आणि तो हळूहळू खाली ओघळला.

तरी सगळे तो एकच ठोसा दाखवतात, याचा मला राग येतो. मला त्याआधीच्या बारा फेऱ्या मोलाच्या वाटतात. उंची पाच फूट दहा-साडेदहा इंच, वजन १८५ पौंडांच्या आसपास, हातांची पोच सुमारे ६८ इंच, म्हणजे हेवीवेटमध्ये बुटकाच. त्याचा प्रशिक्षक चार्ली गोल्डमन याने त्याला नीट ताठ उभं करण्याचा हट्ट सोडला आणि उलट आणखी वाकायला शिकवलं. वाकून आत घुसायचं, मारता येईल तिथे मारायचं, दंडांवरसुद्धा. प्रतिस्पर्ध्याचे हात जड झाले की बचाव आपोआप खाली येतो. हरत असतानाही वॉलकॉटच्या हातांवर त्याचं हे काम चालूच होतं. गुणपत्रिकेत त्याला रकाना नसतो.

माजी जगज्जेत्या एझर्ड चार्ल्सबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, हे मला खटकलं. १९५४ च्या जूनमध्ये चार्ल्स पूर्ण पंधरा फेऱ्या टिकला. मार्सियानोसमोर पंधरा फेऱ्या उभा राहिलेला तो एकटाच. सप्टेंबरमध्ये पुन्हा गाठ पडली तेव्हा मार्सियानोची नाकपुडी उभी फाटली. रक्त थांबेना, लढत कधीही थांबवली जाईल अशी अवस्था. म्हणजे घड्याळ विरोधात, डॉक्टर विरोधात, समोर चार्ल्ससारखा हुशार माणूस. आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला झोपवलं. महानपणाचा पुरावा मागशील तर मी या दोन रात्री पुढे करीन, बाकीच्या ४७ तुझ्याकडे ठेव.

पण लुईस आणि मुहम्मद अलीच्या वर त्याला बसवणार असशील तर मी अडून बसेन. लुईसने जेतेपद २५ वेळा राखलं, मार्सियानोने सहा वेळा. अलीने लिस्टन, फ्रेझर, फोरमन असे तिघे जगज्जेते हरवले. पाच वेळा हरूनही ती यादी कुणाच्या शून्यापुढे झुकत नाही. ३२ व्या वर्षी हातमोजे काढून ठेवण्याचा शहाणपणा मात्र मार्सियानोकडेच होता. त्याच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षं झाली त्याच तारखेला, २१ सप्टेंबर १९८५ ला, तोवर अपराजित असलेला लॅरी होम्स मार्सियानोइतकाच ४९ वा विजय गाठायला उतरला आणि मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. रागाच्या भरात मार्सियानोबद्दल नको ते बोलून बसला, आणि आजही लोकांना ते बोलणंच जास्त आठवतं. माझ्या यादीत होम्स मार्सियानोच्या एक पायरी वर आहे. आता चिडून लगेच कागद घेशील, माहीत आहे.

लिहिण्याआधी एक कर. चार्ल्सबरोबरची पहिली लढत पूर्ण बघ, आवाज बंद करून, आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतः लिही. तुझं कार्ड मला पाठव. माझं मी पाकिटात घातलंय, पण तुझं लिहून होईपर्यंत ते उघडू नकोस.

तुझा,
अविनाश