तळहात नको, कोपर पुढे करा

महोदय,

मी निवृत्त शिक्षिका आहे. प्राथमिक वर्गातल्या मुलांना मी वर्षानुवर्षे एक वाक्य सांगत आले : ‘शिंक आली की तोंडावर हात धर.’ मुलांनी ते मनापासून पाळले. ते शिकवणे अपुरे होते, हे आता कळते आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

तळहाताने शिंक पुरती अडत नाही. बोटांच्या फटींतून ती निसटतेच, आणि जी अडते ती हातावर राहते. मग तोच हात दाराच्या कडीला, लिफ्टच्या बटणाला, बसमधल्या दांड्याला लागतो, समोरच्याशी हस्तांदोलन करतो. फ्लूचा विषाणू धातू किंवा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर २४ ते ४८ तास टिकू शकतो. शिवाय फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो इतरांना देऊ शकतो. त्यामुळे ‘मला कुठे काय झालंय?’ या भरवशावर राहता येत नाही.

शिंक जाते तरी किती लांब? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या लिडिया बुरुइबा यांनी वेगवान कॅमेऱ्याने शिंकांचे चित्रण केले. मोठे थेंब जवळच खाली पडतात. पण बारीक तुषार उबदार, दमट हवेच्या ढगात अडकून पुढे सरकतात आणि हा ढग ७ ते ८ मीटरपर्यंत जाऊ शकतो, असे त्यांनी २०२०मध्ये लिहिले. नुसती मान वळवून भागत नाही ते यामुळे. वळवलेल्या बाजूलाही कुणीतरी बसलेले असतेच.

रुमाल किंवा टिश्यू हाताशी असेल तर उत्तम. टिश्यू लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकावा. रुमाल मात्र दिवसभर खिशात घोळवून त्यानेच चेहरा पुसू नये, आणि लहान मुलाचे नाक तर त्याने मुळीच पुसू नये. काहीच नसेल तर कोपर दुमडून त्याच्या आतल्या बाजूला नाक-तोंड दोन्ही नीट झाकून शिंकावे. कोपराच्या आतल्या बाजूने आपण सहसा कशाला स्पर्श करत नाही, हाच त्याचा फायदा. अपवाद एकच, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो : तान्ह्या बाळाला हातांवर आडवे घेतो तेव्हा त्याचे डोके नेमके तिथेच टेकते. शिंकलेल्या बाहीवर बाळाला घेऊ नका. मास्क लावला असेल तर शिंकताना तो खाली ओढू नका; मास्कमध्येच शिंका आणि मग तो बदला. त्यानंतर साबणाने निदान २० सेकंद हात धुवा.

काही जण, विशेषतः सभेत किंवा कुणाच्या घरी, संकोचापोटी नाक चिमटीत धरून शिंक आतच दाबतात. कृपया असे करू नका. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका ३४ वर्षांच्या माणसाने नाकतोंड बंद करून शिंक दाबली आणि त्याचा घसा आतून फाटला. गिळणे अवघड झाले, आवाज गेला, आठवडाभर नळीने अन्न द्यावे लागले. डॉक्टरांनी २०१८मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. असे क्वचितच घडते हे खरे, पण शिंक येणे हा काही असभ्यपणा नव्हे. ती झाकून द्यावी, मग ‘माफ करा’ म्हणावे, एवढे पुरे.

आणि शिंकणाऱ्याकडे रागाने बघणाऱ्यांना विनंती : प्रत्येक शिंक संसर्गाची नसते. धूळ, परागकण, उग्र अत्तर यांनीही शिंका येतात. काहींना तर सावलीतून एकदम उन्हात आले की शिंक येते. तो मज्जातंतूंचा प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणारी क्रिया आहे, आजार नाही. अशा माणसाला जागेवरून उठवण्यापेक्षा टिश्यू पुढे करावा.

आपल्या वृत्तपत्रातल्या मुलांच्या पानावर कोपरात शिंकणाऱ्या मुलाचे एखादे मोठे चित्र छापाल का? वर्गाच्या भिंतीवर ते सहज लावता येईल. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी काही जण आज स्वतः शिक्षक आहेत. माझे जुने वाक्य ते अजून सांगत असतील, तर त्यांनी त्याऐवजी ‘कोपरात शिंक’ असे सांगावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका