ग्रामसभा गेली, चर्चचं आवार राहिलं : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, नगरविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की वसईतल्या चर्चसमोर पुढाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे फोटो निघतात, ‘ख्रिस्ती बांधवांना शुभेच्छा’ देणारे फलक नाक्यानाक्यावर झळकतात. याबद्दल राग नाही. आमच्याकडे पाहुण्याला दारातून परत धाडत नाहीत. पण सरकारदरबारी चर्च म्हणजे एक सण आणि मतांचा एक गठ्ठा, इतकीच नोंद असावी असा संशय येतो. हे पत्र मात्र वसईतल्या बुजत चाललेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी आहे, आणि त्यात चर्चचं आवार का येतं तेही सांगायचं आहे.

जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. विरोध झाला, त्यातून २९ गावं वगळण्याचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात राहिला. त्या वादात आज शिरत नाही. मात्र त्या दिवशी गावांची ग्रामसभाही गेली, याची कुणी फारशी चर्चा केली नाही. अमक्याच्या भरावामुळे तमक्याच्या वाडीत पाणी तुंबतं, हे चारचौघांत उभं राहून सांगायची जागाच उरली नाही. जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षं नगरसेवकही नव्हते. प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात पश्चिम पट्ट्यातली माणसं गावाच्या प्रश्नासाठी जमली ती बहुतेक चर्चच्या आवारात, रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, आटोपल्यावर.

बाहेरच्या माणसाला धर्मग्राम म्हणजे काय हे कळत नाही, म्हणून सांगतो. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला ख्रिस्ती समाज, इंग्रजीत पॅरिश. मिस्सेच्या शेवटी सूचना वाचतात. त्यात विवाहाच्या घोषणा असतात, तसंच रक्तदान शिबिर, दाखल्यांसाठी लागणारी कागदपत्रं, कुठल्या आळीत पाणी येत नाही, हेही असतं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथॉलिक सेवासंस्थेची माणसं अडलेल्या घरांना गाजावाजा न करता मदत पोचवतात. फादर काही वर्षांनी बदलतात, समित्यांत बसणारे गावकरी तेच राहतात. वसईत ही घडी जुनी आहे. सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी मोन्सिनियर (ज्येष्ठ धर्मगुरू) पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये पापडीला पतसंस्था काढली. आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. पुढे वसईची हिरवी जमीन बिल्डरांना मोकळी होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई संरक्षण समिती’ घेऊन रस्त्यावर उतरले. त्या मोर्च्यांत हिंदू शेतकरीही होते. जुलै २०२४ मध्ये फादर गेले, तेव्हा श्रद्धांजली वाहायला सगळे पक्ष आले. त्यांची मागणी मात्र तशीच पडून आहे.

ती मागणी पाण्याची होती, आणि माझीही तीच आहे.

आपण बावखल पाहिलं आहे का? वाडीत किंवा गावाच्या कडेला खणलेलं हे गोड्या पाण्याचं तळं. खणताना निघालेल्या मातीनं घराची जोती आणि वाडी उंच करायची, पावसाचं पाणी खड्ड्यात साठवायचं, रहाटानं उपसून केळी, पानवेल, मोगरा, भाजी जगवायची. समुद्र इतका जवळ असूनही वसईच्या विहिरी गोड राहिल्या त्यात बावखलांचा मोठा वाटा आहे, कारण मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नाही. हे शहाणपण ख्रिस्त्यांचं किंवा हिंदूंचं असं वेगळं काढता येणार नाही. कादोडी ही इथली बोली बोलणारे दोन्हीकडे आहेत, आणि वसईतल्या निर्मळच्या यात्रेत सुकेळी (सुकवलेली केळी) घ्यायला दोघंही जातात.

ही बावखलं बुजत आहेत. बाहेरच्या बिल्डरांवर सगळं ढकलणं सोयीचं आहे, पण खरं नाही. घर वाढवायला, गाडी उभी करायला, भावाभावांच्या वाटणीत आमच्याच लोकांनीही डेब्रिजचे डंपर मागवले. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारेही त्यात आहेत. म्हणूनच हा विषय वेदीवरून बोलला जातो आणि गावोगावची तरुण पोरं गाळ काढायला बावखलात उतरतात, याचं मोल मला मोठं वाटतं. महापालिकेच्या नोटिशीला न जुमानणारा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेला थोडा तरी बिचकतो.

जुलै २०१८ मध्ये वसई दिवसेंदिवस पाण्याखाली होती. त्यानंतर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी अभ्यास केला आणि धारण तलावांचा उपाय सुचवला. म्हणजे पावसाचं पाणी काही वेळ थोपवून धरणारी तळी. ती कोट्यवधी रुपये खर्चून नव्यानं खणायची, आणि पूर्वजांनी फुकटात खणून ठेवलेली डोळ्यांदेखत बुजू द्यायची, हा हिशेब मला तरी समजत नाही.

फादरना कुठल्या सरकारी समितीवर घ्या, असं मी म्हणत नाही. उलट घेऊ नका. सत्तेची खुर्ची मिळाली की आवारातलं मोकळं बोलणं बंद होतं. मागणी इतकीच की प्रत्येक बावखलाची गावकऱ्यांना सोबत घेऊन नोंद करावी आणि विकास आराखड्याच्या नकाशावर ती जलसाठा म्हणून दाखवावी. पुष्कळ बावखलं खासगी जमिनीत आहेत. तेव्हा जो मालक आपलं बावखल राखेल त्याला मालमत्ता करात सवलत मिळावी, नाहीतर राखण्याचा बोजा एकट्यानं का उचलावा?

आणि आराखड्यावरच्या हरकती-सूचनांची नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून मुदत संपवू नका. ती मराठीत, गावाच्या नकाशासह, प्रत्येक धर्मग्रामाला आणि प्रत्येक देवस्थानाला पाठवा. आमच्याकडे ती येत्या रविवारी वाचून दाखवली जाईल.

आपला,
वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एक वाडीवाला