ऊसवाहतुकीची तपासणी वजनकाट्यावरच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ च्या कागल ते बेळगाव या पट्ट्यात रात्रीचा प्रवास जोखमीचा होतो आणि अपघात झाला की अतिवेगाला दोष देऊन विषय मिटवला जातो. वेग हे कारण आहेच. परंतु केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा असताना, त्याच मार्गिकेतून मागे एकही दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एखादा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला असेल, तर नियम पाळणाराही सुरक्षित राहत नाही. अशा वेळी मोटार दर सेकंदाला २२ मीटर त्या ट्रॉलीच्या जवळ जात असते. डिप केलेल्या दिव्यांचा उपयुक्त प्रकाश साधारण ४०-५० मीटर पोहोचतो, म्हणजे ट्रॉली दिसल्यापासून चालकाच्या हाती जेमतेम दोन सेकंद राहतात आणि त्यातला एक ब्रेकवर पाय जाईपर्यंत संपतो. त्यातच समोरून येणारा अप्पर लाइट न उतरवताच आला, तर तेवढेही मिळत नाहीत.

निपाणीजवळच्या तवंदी घाटात हा प्रकार अधिक बिकट होतो. भरलेला ट्रॅक्टर चढावर पायी चालणाऱ्याच्या गतीने सरकतो, त्याला ओलांडायला मालट्रक उजवीकडे येतात आणि पुन्हा डावीकडे जायचे नावच घेत नाहीत, त्यामुळे मोटारी डावीकडून घुसतात. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणारेही आहेतच. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात लावलेल्या गाण्यांमुळे मागचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही, हे तर या भागात सर्वांना ठाऊक आहे. ट्रॉलीचा टायर फुटला की भोवती दगड मांडले जातात. दुरुस्तीनंतर ट्रॉली जाते, दगड मात्र रस्त्यावरच राहतात आणि पहाटे एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळतो. वास्तविक बंद पडलेल्या वाहनाची खबर महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर देता येते, पण तो क्रमांक किती ट्रॅक्टरचालकांना माहीत आहे?

यात सगळा दोष चालकाच्या माथी मारणे मला पटत नाही. तो बहुधा लांबून आलेला असतो, त्याचे उत्पन्न खेपांवर ठरते आणि रिफ्लेक्टर लावण्याचा आग्रह त्याच्याकडे कोणी धरलेला नसतो. वाहनाच्या मागे लाल परावर्तक असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक आहे. तरीही दोन राज्यांत ये-जा करणारी ही वाहने रात्री महामार्गावर अडवून तपासणे पोलिसांना अवघड आहे आणि तशी नाकाबंदी हीच नव्या अपघाताचे निमित्त ठरू शकते. मात्र उसाची प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी थांबतेच, ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. तोडणी-वाहतुकीचा करार कारखानाच करतो, त्यामुळे मागचे दिवे आणि परावर्तक नसलेल्या ट्रॉलीला पुढच्या खेपेची परवानगी नाही, अशी अट त्या करारात घालणे कारखान्याच्या हातात आहे. यासाठी येणारा खर्च एका खेपेच्या भाड्याच्या तुलनेत किरकोळ आहे.

रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम जानेवारीत होतात, तोवर आपल्याकडचा निम्मा हंगाम उरकलेला असतो. म्हणून बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने गाळप सुरू होण्यापूर्वीच कारखान्यांची संयुक्त बैठक घेऊन ही अट लागू करावी आणि पहिल्याच आठवड्यात परिवहन अधिकाऱ्यांनी काट्यावर जाऊन तिची अंमलबजावणी तपासावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक, निपाणी