विषय : बर्फात ‘तापलेली’ फोर व्हील ड्राइव्ह आणि तुमचं ‘दोष आढळला नाही’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सहावं बोलणं आत्ताच संपलं. सातवं होणार नाही, म्हणून हे पत्र.

गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते आणि गरज पडली की क्लचच्या चकत्या आवळून मागच्या चाकांना जोर देते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या माणसांना मात्र मलाच सांगावं लागलं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. चढावर वीतभर ताजा बर्फ होता. मोड ‘स्नो’वर, वेग चालत्या माणसाइतका. चारही टायर हिवाळी, एकाच मापाचे, सारखेच झिजलेले. हे आधीच लिहितो, नाहीतर खापर टायरवर फोडाल. पुढची चाकं जागेवर फिरत राहिली, मागची नुसतीच कण्हली. तीन-चार मिनिटांत पडद्यावर सूचना आली की फोर व्हील ड्राइव्ह प्रणाली अति तापली आहे. बाहेर शून्याखाली तापमान, आणि हिला उकडतंय! मागच्या चाकांचा जोर सुटला, गाडी तिरकी होत मागं घसरली आणि बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. ढीग नसता तर हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं.

तुमच्या सर्व्हिस सेंटरनं कोरड्या रस्त्यावर चक्कर मारली आणि जॉब कार्डावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं. कोरड्या रस्त्यावर चाक घसरत नाही, क्लच तापत नाही, मग दोष आढळणार कुठून?

आता आजचा संवाद.

“सर, पण गाडी बर्फात कशाला नेली?”

“नॉबवर बर्फाच्या चांदणीचं चित्र आहे ना?”

“हो सर, तो स्नो मोड आहे.”

“कशासाठी असतो?”

पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजला. “निसरड्या रस्त्यासाठी, सर.”

“आणि बर्फ निसरडा नसतो?”

“असतो सर. म्हणूनच मोड लावून बर्फ टाळायला हवा होता.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. तुमच्या प्रशिक्षण विभागाला हवं असेल तर पाठवतो. पुढे त्यांनी विचारलं, “आत्ता गाडी तापलेली आहे का, सर?” घटनेला तीन आठवडे झालेत. म्हटलं, गाडी गार आहे, मी तापलोय. त्यावर “नोंद घेतली सर” असं उत्तर आलं!

माझ्या अपेक्षा अवास्तव नाहीत. फोर व्हील ड्राइव्हमुळे ब्रेक लवकर लागत नाही, ते काम टायरचं, हे मला कळतं. घसरणारं चाक ब्रेकनं आवरून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवण्यालाही मर्यादा आहे, तेही मान्य. पण क्लच पूर्ण आवळलेला असेल तर चकत्या घासत नाहीत, आणि घासल्या नाहीत तर तापत नाहीत. मग स्नो मोडमध्ये सुरुवातीलाच तो घट्ट का आवळला जात नाही? सॉफ्टवेअरची चूक, खराब झालेलं तेल, की क्लचच इतका तकलादू? मर्यादा रचनेतलीच असेल तर जाहिरातीतल्या त्या बर्फाच्या डोंगरावर एक ओळ छापा : ‘चार मिनिटांपुरती.’

माझी आधीची गाडीही तुमचीच होती. तिला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी होती, तिचा लिव्हर ओढायला दोन हात लागायचे, आणि बर्फात त्या गाडीनं कधी दगा दिला नाही. त्या विश्वासावर ही घेतली. त्याचं बक्षीस काय, तर ‘दोष आढळला नाही.’

पंधरा दिवसांत गाडीच्या कंट्रोल युनिटमधल्या (संगणकातल्या) त्या दिवशीच्या नोंदींची प्रत आणि क्लच बदलून देण्याबाबतचं उत्तर हवं. नाहीतर ग्राहक न्यायालयात भेटू. जॉब कार्डाची प्रत आणि पडद्यावरच्या सूचनेचा फोटो सोबत जोडलाय.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.