गट पाच जणांचा, काम एकीचं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी मुलगी ठाण्यातल्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात पाच जणांना मिळून 'किरकोळ दुकानांतली उधारी' या विषयावर फील्ड प्रोजेक्ट होतं. गट हजेरीक्रमानं पाडलेले. त्यामुळे एक मुलगी मुरबाडची, एक शहापूरची, एक मुंब्र्याची (दहावीपर्यंत उर्दू माध्यम) आणि एक मुलगा उल्हासनगरचा, संध्याकाळी वडिलांच्या कापडदुकानात बसणारा. चर्चा ऑनलाइन, कारण मुरबाडला रेल्वे नाही, कॉलेज सुटलं की ती पोर कल्याणहून एसटी गाठायला पळते.

लॅपटॉप आमचा, वायफाय आमचं, म्हणून कारभारही आमच्या कन्येचा. रात्री साडेनऊच्या मीटिंगा मी ओटा आवरताना ऐकायचे. सगळं इंग्रजीत. मुरबाडकडून फक्त 'हो, चालेल'. ज्याच्या घरी उधारीची वही रोज उघडते, त्या मुलाला काम काय, तर मुखपृष्ठ! तासाभरानं फुकटातलं गुगल मीट बंद पडायचं, तिथेच विषय संपायचा. शेवटी हिनं दोन रात्री जागून सगळं लिहिलं, गुण पाचही जणांना सारखे, आणि वर तक्रार, 'कोणी काही करतच नाही.'

प्रोजेक्ट जमा झाल्यावर त्या मुलानं हिंदीत एक व्हॉइस मेसेज पाठवला: कोणाला उधार द्यायचं, लग्नसराईनंतर वसुली कशी करायची, कोणाकडे मागायचंच नाही. त्या पाच मिनिटांत होतं ते हिच्या वीस पानांत नव्हतं. चूक आमच्या मुलीची आहेच. पण कामाची रचनाच तशी असेल तर शहाणी मुलंही हेच करतील.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानं एका वर्गात आली आणि धुसफुस सुरू झाली. तेव्हा एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा सोबत्याकडूनच शिकायचा, त्यामुळे त्याचं ऐकून घेणं भाग पडलं. आपल्या प्राध्यापकांना हे ठाऊक असणारच. मग तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर प्रश्न का विचारू नयेत? कोणी किती लिहिलं याची नोंद गुगल डॉक्समध्ये राहते, ती कधीतरी उघडून पाहावी. अहवाल इंग्रजीत असू दे, पण चर्चा मराठी-हिंदीत चालेल असं शिक्षकांनीच पहिल्या दिवशी सांगावं. मुलं आपणहून ते धाडस करत नाहीत. आणि मोबाइलवरच भागवणाऱ्यांसाठी कॉलेजची संगणक प्रयोगशाळा आठवड्यातून दोन तास उघडी ठेवावी.

पुढच्या सत्राचे गट लवकरच लागतील. त्याआधी हे छापलंत तर बरं.

एक पालक, कळवा (ठाणे)