कार्ड मराठीत विकले जाते, अटीही मराठीत सांगाव्यात : केंद्रीय अर्थमंत्र्यांना सीमाभागातून खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली.

विषय : कर्नाटकाच्या सीमाभागातील क्रेडिट कार्डधारकांना नियम-अटी, मासिक बिल व फसवणुकीविषयीच्या सूचना मराठीतूनही मिळण्याबाबत.

मा. महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपण राज्यसभेत कर्नाटकाचे प्रतिनिधित्व करता आणि बँकिंगविषयक धोरणही आपल्याच मंत्रालयाकडे आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. मी बेळगावच्या शहापूर भागातील एका पतसंस्थेतून निवृत्त झालेला कर्मचारी आहे. ओळखीची माणसे आजही कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. पूर्वी त्यात कर्जाचे करारनामे आणि मुदत ठेवीच्या पावत्या असत. आता बहुतेक वेळा क्रेडिट कार्डाचे बिल असते. आणणारा कधी वडगावचा यंत्रमागधारक असतो, कधी उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला कामगार, तर कधी खानापूर तालुक्यातला निवृत्तिवेतनावर घर चालवणारा माजी सैनिक. ही माणसे अडाणी नाहीत. हिशेबाला ती पक्की आहेत, भिशी आणि सोसायटीचे व्यवहार त्यांनी वर्षानुवर्षे चोख सांभाळले आहेत. परंतु त्यांच्या हातातला कागद इंग्रजीत असतो.

माझ्या पाहण्यातली स्थिती अशी की, कार्ड घ्या म्हणून येणारा फोन मराठीत असतो, पैसे थकले की वसुलीचा फोनही मराठीत येतो, आणि या दोहोंच्या मधला, म्हणजे व्याज कसे लागते आणि केव्हा लागते हे सांगणारा कागद तेवढा इंग्रजीत असतो. ज्या बँकेला ग्राहकाशी विकताना आणि वसूल करताना त्याच्या भाषेत बोलता येते, तिला अटी सांगतानाच ते जमू नये, हे मला न्यायाचे वाटत नाही.

यातून काय होते, ते एका बिलावरून सांगतो. वडगावच्या एका यंत्रमागधारकाने पहिल्या पानावरच्या दोन आकड्यांपैकी लहान आकड्याखाली बॉलपेनने रेघ मारून आणली होती आणि विचारले होते, “काका, एवढे भरले की त्या महिन्याचे मिटले ना?” तो लहान आकडा म्हणजे ‘मिनिमम अमाउंट ड्यू’, त्या महिन्यात भरावीच लागणारी किमान रक्कम. मोठा आकडा म्हणजे एकूण देणे. तेवढे भरले की विलंब शुल्क लागत नाही, हे खरे. पण व्याज थांबत नाही. समजा 40,000 रुपये थकले आहेत, व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे 2,000 रुपये आहे. महिन्याचे व्याज झाले 1,400 रुपये, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी 252 रुपये. म्हणजे भरलेल्या 2,000 रुपयांतले 1,652 रुपये व्याजात आणि करात जातात आणि मूळ रकमेतून अवघे 348 रुपये कमी होतात. हा हिशेब मराठीत मांडून दाखवल्यावर त्या गृहस्थांना तो लगेच कळला. त्यांची अडचण आकड्यांची नव्हतीच.

दुसरी गोष्ट त्याहून अधिक नडते आणि ती ठाऊक असलेली माणसे मला फार कमी भेटली आहेत. खरेदीपासून बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत 45 ते 50 दिवस बिनव्याजी मिळू शकतात, हे कार्ड विकणारा आवर्जून सांगतो. ही सवलत मागचे बिल पूर्ण भरले असेल तरच असते, हे मात्र राहून जाते. मागच्या बिलातली थोडी जरी बाकी राहिली, तरी नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चढू लागते. कार्डाने एटीएममधून रोकड काढली, तर एक दिवसही बिनव्याजी मिळत नाही आणि वर रोकड काढण्याचे शुल्क पडते ते वेगळेच. कार्ड ही वाईट वस्तू आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. सुताचे पैसे आज द्यायचे आणि मालाचे पैसे महिन्या-दीड महिन्याने यायचे, अशा धंद्यात ते बिनव्याजी दिवस फार कामाला येतात. अट एकच, बिल दर महिन्याला पुरते फेडायचे. ती अट ज्याला कोणी समजावून सांगितलीच नाही, त्याच्या गळ्यात मात्र वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरचे कर्ज पडते.

हे आज लिहिण्याचे कारणही आहे. कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा 2008 सालचा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. निकालाविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु दराला वरून मर्यादा उरली नाही, तेव्हा ग्राहकाच्या हाती संरक्षण राहिले ते अटी आधी कळण्याचे. त्या त्याला वाचता येत नसतील, तर त्याची सही घेण्याला काय अर्थ उरतो?

रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्डांविषयी जे निर्देश काढले, ते चांगले आहेत. अटी सोप्या व स्पष्ट भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. अडचण त्या ‘शक्यतो’मध्ये आहे. शिवाय स्थानिक भाषा म्हणजे राज्याची राजभाषा एवढेच धरले, तर येळ्ळूर, कडोली, उचगाव, निपाणी, खानापूर, आणि तिकडे हल्याळ-भालकीपर्यंतचा मराठी माणूस त्यातून सुटतो. एखाद्या जिल्ह्यात वा तालुक्यात किमान 15 टक्के लोक जी भाषा बोलतात, तिच्यात महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध कराव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशाने केव्हाच मान्य केलेले धोरण आहे. तेच बँकांनाही लागू करावे, एवढेच मागणे आहे. यात कन्नडच्या जागी मराठी आणा असे मी म्हणत नाही. माझ्या कन्नड भाषक शेजाऱ्यांच्या हातातही इंग्रजीच कागद असतो. त्यांना कन्नडमध्ये मिळावा आणि आम्हाला मराठीत.

त्याच निर्देशांतले ग्राहकाचे हक्कही लोकांना माहीत नाहीत. न मागता कार्ड देता येत नाही. ते तसे चालू करून आकारणी केली, तर ती रक्कम परत करून वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर, काही येणे बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये ग्राहकाला मिळतात. एका माजी सैनिकाने वापर नाही म्हणून कार्ड कात्रीने कापून टाकले आणि ते बंद झाले असे धरून चालले. वार्षिक शुल्क साचत गेले, कर्ज देताना बँका पाहतात तो सिबिलचा पत-गुणांक घसरला, आणि मुलाच्या घरकर्जाला सहकर्जदार म्हणून उभे राहताना ते उघडकीला आले. लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, ही साधी गोष्ट त्यांना कोणीच सांगितली नव्हती.

फसवणुकीच्या बाबतीत तर भाषेचा प्रश्न मिनिटांचा होतो. रिवॉर्ड पॉइंट आज संपणार आहेत, लिमिट वाढवून देतो, अमुक फाइल मोबाइलवर उघडा, असे सांगणारा भामटा अस्खलित मराठीत बोलतो. त्याच वेळी मोबाइलवर आलेल्या ओटीपीच्या संदेशात ‘हा कोणालाही सांगू नका’ ही सूचना इंग्रजीत असते. ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे ग्राहकाने स्वतःच सांगितले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी येते, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच ठिकाणाहून पैसे गेले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर काहीच भार येत नाही. म्हणजे सगळे लवकर कळवण्यावर अवलंबून आहे. तरीही बँकेच्या फोनवर भाषा निवडण्यातच वेळ जातो, आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आमच्या गावांत फार थोड्यांना पाठ आहे. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि कार्ड यंत्राला नुसते टेकवून, पिनशिवाय 5,000 रुपयांपर्यंत होणारे टॅपचे व्यवहार ग्राहकाला स्वतः बंद ठेवता येतात वा त्यांची मर्यादा कमी करता येते. ही सोय 2020 पासून आहे, पण मी ती ज्यांना दाखवली त्यांतल्या बहुतेकांनी ती प्रथमच पाहिली.

म्हणून विनंती अशी की, सीमाभागातील मराठी वस्तीच्या तालुक्यांत कार्डाच्या अर्जावरच ग्राहकाने भाषा निवडावी आणि अटींचे पत्रक, बिलाचे पहिले पान व इशाऱ्याचे संदेश त्याच भाषेत यावेत, असे बंधन रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून घालावे. किमान रक्कमच भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती महिने लागतील आणि एकूण किती पैसे जातील, हे त्या आकड्याशेजारीच, तितक्याच ठळक अक्षरांत छापले जावे. जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या अग्रणी बँकेने (लीड बँकेने) घ्यायची आर्थिक साक्षरतेची शिबिरे मराठी गावांत मराठीतून व्हावीत, आणि त्यांत बचत खात्याबरोबर क्रेडिट कार्डाचे एक खरे बिल लोकांसमोर उलगडून दाखवावे. त्यासाठी आमच्यासारखे निवृत्त कर्मचारी विनामोबदला उभे राहायला तयार आहेत. बँकेने फक्त बोलवावे.

उत्तराची वाट पाहतो. कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
शहापूर, बेळगाव